एक मीटरवरून दिसणारी जीभ

टाइल्सच्या कारखान्यात दोष कशाला म्हणायचं याचा एक नियम आहे. टाइल टेबलावर तिरकी उभी करायची, वर ट्यूबलाइट लावायची आणि एक मीटर मागे सरून साध्या डोळ्यांनी पाहायचं. तिथून जे दिसत नाही तो दोष नव्हे. घेणारा माणूस भिंतीला नाक लावून अंघोळ करत नाही, इतका साधा विचार त्यामागे आहे.

हा नियम नव्या माणसांना शिकवण्याचं काम एकतीस वर्षं ज्यांच्याकडे होतं, त्यांना कारखान्यात भिंगराव म्हणत. नाव शर्टाच्या खिशातल्या भिंगावरून पडलं होतं. खरं तर भिंग नियमात बसत नव्हतं. पण दोष एकदा मीटरवरून दिसला की तो का पडला हे शोधायला भिंग लागतं, असं भिंगराव सांगत, आणि सांगताना खिसा चाचपत. झिलईतला बुडबुडा फुटून पडलेलं सुईच्या टोकाएवढं भोक, कडेचा केसाएवढा तडा, यातलं काही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. अशा माणसानं छप्पन्न वर्षांत स्वतःच्या तोंडात एकदाही डोकावून पाहिलं नव्हतं, ही गोष्ट मात्र त्यांच्या नजरेतून सुटली होती. ती लक्षात यायला एक रविवार लागला.

कारखान्याच्या फाटकासमोर, बसथांब्याला लागून, झेरॉक्सचं एक दुकान होतं. दुकान चालवणाऱ्या बाई एकट्या, पन्नाशी ओलांडलेल्या, चष्मा कपाळावर आणि पेन्सिल केसांत. नवऱ्यापासून वेगळं होऊन त्यांना पंधरा वर्षं झाली होती. त्या विषयावर त्यांचं एकच वाक्य ठरलेलं होतं: "मशीन जुनं होतं, कागद खायचं." भिंगरावांची बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती. कारखान्याचे तपासणीचे छापील अर्ज संपले की पन्नास प्रती काढून घ्यायला ते स्वतः दुकानात येत. कचेरीतल्या मशीनवर काळे ठिपके उठतात असं त्यांचं म्हणणं होतं. इथेही ते प्रत्येक प्रत उजेडाला धरून बघत.

"ती टाइल नाही, कागद आहे," बाई म्हणत.

"ठिपका आहे."

"कुठे?"

भिंगराव भिंग काढत.

"एक मीटरवरून दिसतो का?"

नियम बाईंना भिंगरावांनीच पढवला होता. आणि तो अर्ज त्यांनी इतक्या वेळा मशीनमधून काढला होता की त्यातले सगळे रकाने त्यांना तोंडपाठ झाले होते. भिंगरावांना त्या 'पन्नास प्रती' म्हणत. "या, पन्नास प्रती. आधी चहा, का आधी तपासणी?"

असं दोन वर्षं चाललं. मग एका रविवारी, दुकानाच्या वरच्या खोलीत ओट्यामागची टाइल सुटली म्हणून बाईंनी त्यांना बघायला बोलावलं. टाइल बघायला दोन मिनिटं लागली. भिंगराव तिथून संध्याकाळी सहाला निघाले. मधल्या वेळाबद्दल एवढंच सांगितलं तरी पुरे की दोघंही जाणती माणसं होती, दोघांच्याही मनात होतं, घाई कुणालाच नव्हती, आणि झालेल्या गोष्टीत तोंडाचाही वाटा होता. घरी जाताना भिंगराव शीळ घालत होते. नऊ वर्षांची सवय मोडलेली, त्यामुळे शीळ वाजली नाही, नुसती हवाच गेली. पण त्यांनी ती बसथांब्यापासून घरापर्यंत घातली.

बुधवारी सकाळी दात घासताना जिभेच्या मागच्या बाजूला काहीतरी खरखरीत लागलं.

अशा वेळी माणसानं चूळ भरावी आणि कामाला लागावं. भिंगरावांनी टॉर्च आणली. ती साबणाच्या डबीवर टेकवली, जीभ रुमालात धरून जेवढी येईल तेवढी बाहेर ओढली आणि दुसऱ्या हातानं भिंग धरून आरशाला नाक लावलं. अंतर चार इंच. जिभेच्या अगदी मुळाशी गोल, लालसर, फुगीर ठिपके होते. एक नाही, आठ. तेही ओळीनं, मांडून ठेवल्यासारखे. भिंगरावांनी ते परत मोजले. एकतीस वर्षांत इतका पद्धतशीर दोष त्यांनी पाहिला नव्हता.

"अरे, आत काय करतोयस?" बाहेरून अक्कानं विचारलं. "वीस मिनिटं झाली."

"दात घासतोय."

"किती दात आहेत तुला?"

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. लग्न केलं नव्हतं. भावजय गेल्यावर 'तू एकटा काय खाशील' म्हणून ती भावाकडे राहायला आली आणि 'एकटीला काय करमेल' म्हणून राहिली. तीस वर्षं तिनं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. निवृत्त झाली तरी कान निवृत्त झाले नव्हते. दोन भिंतींपलीकडे कुणी कुजबुजलं तरी ती स्वयंपाकघरातून उत्तर देई. त्यामुळे घरातून डॉक्टरला फोन करणं म्हणजे गच्चीवर उभं राहून जाहीर करण्यासारखं होतं.

भिंगरावांनी बसमध्ये, शेवटच्या सीटवर बसून, फोनवरच शोध घेतला. चौथ्या मिनिटाला त्यांना एक रोग झाला होता. दहाव्या मिनिटाला चार. त्यातले दोन एका वेळी होत नाहीत असं खाली स्पष्ट लिहिलेलं होतं, तरी भिंगरावांनी चारही ठेवून घेतले. ज्या लेखात 'बहुतेक वेळा काळजीचं कारण नसतं' असं होतं, तो त्यांनी पुढचं न वाचता बंद केला. लिहिणारा निष्काळजी वाटला.

मग उपाय सुरू झाले. आधी मिठाच्या गुळण्या. मग औषधाच्या दुकानातून निळं, झणझणीत पाणी आणलं. बाटलीवर दिवसातून दोनदा असं छापलं होतं. भिंगरावांनी आठदा केलं, ठिपक्यागणिक एकदा.

"घशात विहीर खणतोयस का?" अक्का म्हणाली.

"घसा बसलाय."

"बसला असता तर एवढा आवाज आला असता?"

चार दिवसांत जीभ पांढरी पडली, कडा सोलवटल्या आणि चहा झोंबू लागला. ही तर नवीन लक्षणं होती. भिंगरावांनी ती तारखेसकट लिहून घेतली, आणि आपण गुळण्या वेळेवर सुरू केल्या म्हणून स्वतःला शाबासकी दिली.

फोनमध्ये जिभेचे फोटो साठत गेले. रोज सकाळी तीन. त्याच फोनमध्ये कारखान्यातल्या खराब टाइल्सचेही फोटो होते. एकदा मॅनेजरना भट्टीतला दोष दाखवताना त्यांचं बोट जरा जास्तच सरकलं. मॅनेजर स्क्रीनवर वाकले.

"हा गुलाबी कुठला? नवीन डिझाइन?"

"नमुना आहे, साहेब. पक्का नाही अजून."

"बरा आहे. जरा खडबडीत वाटतो," मॅनेजर म्हणाले. त्या दिवशी भिंगरावांचा रक्तदाबही वाढला असावा, पण तो त्यांनी लिहून घेतला नाही. आधीच पुष्कळ झालं होतं.

या सगळ्यात दुकानाकडे पाऊल वळलं नाही. पहिल्या आठवड्यात बाईंचा निरोप फोनवर आला: 'पन्नास प्रती, टाइल परत सुटली आहे.' भिंगरावांनी तो अकरा वेळा वाचला आणि 'कामात आहे' असं उत्तर पाठवलं. त्यानंतर बाईंनी काही लिहिलं नाही. अर्ज संपले तेव्हा भिंगरावांनी नमुना अर्जाची निळी फाइल म्हाताऱ्या शिपायाच्या हाती दुकानात धाडली. शिपाई परत येऊन म्हणाला, "बाई विचारत होत्या, तुमचे पाय दुखतात का?"

पाय दुखत नव्हते. मनात काय होतं ते स्वतःशीही मोठ्यानं म्हणण्यासारखं नव्हतं. जीभ आपली, इतकी वर्षं घरातच होती, कुठे गेली नाही, आली नाही. रविवारी बाहेर गेली आणि बुधवारी ठिपके. मग ते आले कुठून? कच्चा माल बिघडला की भिंगराव आधी पुरवठादाराचं नाव लिहीत. इथेही हात तसाच निघाला. आणि पुढच्याच क्षणी, चष्मा कपाळावर ढकलून चहात दोन चमचे साखर घालणाऱ्या बाई डोळ्यांपुढे आल्या, की त्यांना आपलीच लाज वाटे. लाज वाटली म्हणून शंका जात नसे. दोघी मजेत शेजारी शेजारी बसत.

शेवटी बाराव्या दिवशी ते दोन बसेस बदलून गावाच्या दुसऱ्या टोकाला, ओळखीचं कुत्रंही भेटणार नाही अशा दवाखान्यात गेले. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "तक्रार?"

"जीभ."

"काय झालंय जिभेला?"

भिंगरावांनी मागे बसलेल्या सात माणसांकडे पाहिलं. "आहे," ते म्हणाले.

मुलीनं तेवढंच लिहून घेतलं.

डॉक्टरीण तिशीची होती. तिनं आरसा घातला, दोन सेकंद पाहिलं, आरसा काढला.

"हे ठिपके सगळ्यांना असतात. चव कळते ती त्यांच्यामुळे. जन्मल्यापासून आहेत तुमच्याकडे."

"पण आधी नव्हते."

"आधी जीभ बघितली होती?"

भिंगरावांनी खिशातलं भिंग चाचपलं.

"कधीच?"

"तशी वेळ आली नाही."

"मग नव्हते हे कशावरून?" तिनं शांतपणे विचारलं. हाच प्रश्न भिंगरावांनी नव्या माणसांना शेकडो वेळा विचारला होता. "आणि हा पांढरेपणा, ही सोलवटलेली कड, हे तुम्ही केलंय. काय लावता?"

त्यांनी निळं पाणी सांगितलं. किती वेळा, तेही सांगितलं. डॉक्टरणीनं पेन खाली ठेवलं.

"काका, त्यानं फरशी पुसली तरी एवढ्या वेळा पुसत नाहीत. आज बंद. आता मला खरं सांगा, इतक्या वर्षांनी आत्ताच का बघितली जीभ?"

भिंगरावांनी तयार करून आणलेलं वाक्य होतं, त्यात एक मित्र होता. पण मित्राची जीभ घेऊन आपण का आलो, याचं उत्तर त्यात नव्हतं. म्हणून त्यांनी खरं सांगितलं, खिडकीकडे बघत, जमेल तितक्या कमी शब्दांत.

ती हसली नाही. "छान आहे की," म्हणाली. "मनात शंका असेल तर रक्ताची तपासणी करून टाका. आत्ता एकदा, तीन महिन्यांनी परत एकदा. आणि त्यांनाही करायला सांगा. कुणी कुणावर संशय घ्यायचा म्हणून नाही. नवीन जोडपं असलं की दोघांनी करावी, मग वय काही का असेना. सांगाल ना त्यांना?"

"सांगतो," भिंगराव म्हणाले. रक्त तिथेच खालच्या मजल्यावर दिलं. चार दिवसांनी अहवाल आला. त्यात काहीही निघालं नाही.

दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी विचार आला की तिनं पाहिलं फक्त दोन सेकंद. साध्या टाइललासुद्धा आपण तीन देतो. आणि तीन महिन्यांनी परत या म्हणाली, म्हणजे तिलाही खात्री नसणार. 'त्यांनाही सांगा' हे वाक्य तर त्यांनी मनातल्या मनात दुसऱ्या खोलीत नेऊन दार लावून घेतलं होतं. बाईंना काय म्हणायचं? तुमची तपासणी करून या? त्यापेक्षा दुसरा डॉक्टर सोपा.

दुसऱ्या डॉक्टरपुढे असं 'आहे' म्हणून जायचं नाही, सगळं कागदावर मांडून जायचं, असं त्यांनी ठरवलं. घरी अक्का होती. म्हणून जेवणाच्या सुट्टीत टेबलाशी बसून त्यांनी एक कोरा तपासणी अर्ज घेतला आणि सवयीनं भरत गेले. वस्तू: जीभ, एक नग. दोष: लालसर फुगीर ठिपके, आठ, मागील बाजूस. टाइलच्या चौकोनात जिभेची आकृती काढली, ठिपके नंबर घालून दाखवले. 'तपासणीचे अंतर: एक मीटर' असं छापलेलं होतं, ते खोडून 'चार इंच, भिंगाने' केलं. 'दोषाचा संशयित उगम' या रकान्यापाशी आल्यावर त्यांनी आधी दाराकडे पाहिलं. मग लिहिलं: 'रविवार दुपार, दुकानाच्या वरची खोली.' अक्षर नेहमीप्रमाणे सुवाच्य आलं.

तेवढ्यात भट्टीकडून हाक आली. त्यांनी अर्ज उचलला आणि हाताशी असलेल्या निळ्या फाइलमध्ये सरकवला.

भट्टीवरून तासाभरानं परत आले तर टेबलावर फाइल नव्हती.

"निळी फाइल?"

"दिली की दुकानात," शिपाई म्हणाला. "अर्ज संपत आलेत, तुम्हीच काल म्हणालात."

भिंगराव खुर्चीत बसले. उठले. परत बसले. त्यांना आधी दिसलं ते हे की पन्नास प्रती निघत आहेत, एकामागून एक, गरम गरम, प्रत्येकीवर आठ ठिपक्यांची जीभ, आणि बसथांब्यावरची माणसं वाकून बघताहेत. मग लक्षात आलं की खरी भीती ती नव्हती. बाई कागद मशीनवर पालथा घालण्याआधी एकदा वाचतात. कायम वाचतात. आणि तो रकाना वाचून झाल्यावर दोन वर्षांचा चहा आणि एक रविवार, सगळं पुसलं जाणार होतं. आजवर ते जिभेला घाबरत होते. आता पहिल्यांदा त्यांना घाबरण्यासारखं काही सापडलं.

चार वाजता फाइल परत आली. आत पन्नास कोरे अर्ज, त्यांनी एकेक करून चाळले, सगळे कोरे. सगळ्यांत खाली त्यांचा स्वतःचा अर्ज होता. प्रत्येक तपासणी अर्जाच्या तळाशी एक मोठा रकाना असतो: 'पुरवठादाराचे म्हणणे'. ज्याच्यावर दोष ठेवला त्याला बोलायला आठ दिवस मिळावेत म्हणून हा रकाना भिंगरावांनीच भांडून छापून घेतला होता. आजवर बहुतेक पुरवठादारांनी त्यात 'माल चांगला होता' एवढंच लिहिलं होतं. बाईंनी पेन्सिलीनं रकाना पूर्ण भरला होता.

'तपासणी चार इंचांवरून केली आहे. नियम एक मीटरचा, तुम्हीच शिकवलात. म्हणून अर्ज मुळातच चालत नाही. तुलनेला दुसरी जीभ घेतलेली नाही. चांगली टाइल शेजारी ठेवल्याशिवाय खराब ठरवायची नाही, हेही तुमचंच. माझी तपासणी त्या रविवारच्या तीन आठवडे आधी झाली आहे. मनात आलं तेव्हाच करून घेतली, अंदाधुंद काम मला आवडत नाही. अहवाल ड्रॉवरमध्ये आहे. तुम्ही विचारलं असतं तर दाखवला असता. तुमची तपासणी झाली आहे का, हे मी त्या दिवशी विचारलं नाही. स्वच्छ माणूस दिसला म्हणून विश्वास ठेवला. ती माझी चूक. याच्या पन्नास प्रती हव्या असल्यास कळवणे.'

भिंगरावांनी ते उभ्याउभ्याच वाचलं. एकतीस वर्षं ते इतरांचा माल तपासत आले होते. आपणही कुणाच्या तरी दारात उतरलेला माल आहोत, आणि आपल्यालाही कुणी शेजारी उभं करून पाहिलेलं नाही, हे त्यांच्या डोक्यात चुकूनही आलं नव्हतं. जी बाई आधी जाऊन रक्त देऊन आली तिचं नाव उगमाच्या रकान्यात, आणि जो शीळ घालत घरी गेला तो तपासनीस. त्यांना स्वतःची एवढी कीव आली की थोडं हसूही आलं.

सुट्टीचा भोंगा झाल्यावर ते रस्ता ओलांडून दुकानात गेले. बाई मशीनचं झाकण उघडून अडकलेला कागद ओढत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

"किती प्रती?"

"एकही नको."

"मग?"

"माझी झाली तपासणी. गेल्या आठवड्यात. त्यात काही नाही. तीन महिन्यांनी परत करायची आहे." त्यांनी घडी घातलेला अहवाल आणि शेजारी तो भरलेला अर्ज काउंटरवर ठेवला. "हे मी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. विचारायलाही हवं होतं. त्याऐवजी मी..."

"आकृती काढलीत."

"हो."

"आकृती चांगली आलीय," बाई म्हणाल्या. कागद एकदाचा निघाला, चुरगळलेला. त्या तो हातावर सरळ करत राहिल्या. "तीन आठवडे मला काय वाटलं असेल, त्याला रकाना आहे का तुमच्या अर्जात? मला वाटलं, माणूस खोली बघून गेला आणि आवडली नाही. या वयात कपडे काढायचे म्हणजे सोपं असतं होय? तुम्ही पाय दुखतात असं तरी सांगायचं होतं."

भिंगरावांनी अहवालाची घडी उगाच सारखी केली. पंधरवडाभर जीभ चोळचोळून साफ केली होती, पण कामाच्या वेळी ती उचलेना.

"नाही आवडली असं नव्हतं," ते कसंबसं म्हणाले. "घरी जाताना शीळ घालत होतो."

"तुम्ही?"

"वाजली नाही."

बाईंच्या तोंडाचा कोपरा हलला, पण त्यांनी तो आवरला. काउंटरला वळसा घालून बाहेर आल्या, फरशीकडे बोट केलं. "ही तुमच्याच कारखान्याची ना? तीन टाइल्सचा मीटर होतो, का चार?"

"तीन. वर थोडं."

"मोजा आणि उभे राहा."

भिंगराव मोजून उभे राहिले. हात खिशाकडे गेला.

"भिंग आत."

मग काउंटरवरचा दिवा तोंडाजवळ ओढून, पन्नाशी ओलांडलेल्या त्या बाईंनी आ करून जीभ बाहेर काढली, अगदी शाळेतली मुलगी वेडावते तशी. गुलाबी, साधी जीभ. काही दिसलं नाही. मग त्यांनी बोटानं खूण करून त्यांना जवळ बोलावलं, एक टाइल, दोन टाइल, आणि घशातून आवाज काढत मागच्या बाजूला बोट दाखवलं. तिथे गोल, लालसर, फुगीर ठिपके होते. ओळीनं.

"नऊ आहेत," भिंगराव म्हणाले.

बाईंनी जीभ आत घेतली. "तुमच्यापेक्षा एक जास्त. मी जाऊ का डॉक्टरकडे?"

बाहेर थांब्यावर बस येऊन उभी राहिली होती आणि खिडकीतली दोन माणसं हे टक लावून बघत होती. भिंगरावांनी त्यांच्याकडे पाठ केली.

कारखान्यात ज्या मालाचा निर्णय लागलेला नसतो त्याला पिवळी चिठ्ठी लावतात. बाईंना तेही माहीत होतं. त्यांनी ड्रॉवरमधून पिवळा कागद काढला, पेन्सिलीनं 'राखून ठेवले, तीन महिने' असं लिहिलं आणि भिंगरावांच्या खिशावर, भिंगाच्या वरतीच, चिकटवला.

"तोवर चहाला यायचं," त्या म्हणाल्या. "टाइल बघायला नाही."

ती चिठ्ठी काढायचं भान भिंगरावांना राहिलं नाही. दार अक्कानं उघडलं. तिनं चष्मा लावून खिशावरचं वाचलं.

"हे काय रे?"

"माल राखून ठेवलाय."

"कुणी?"

भिंगरावांनी चपला काढल्या, नीट जोडून ठेवल्या. मग म्हणाले, "झेरॉक्सच्या बाईंनी."

"नाव तर घेतलंस एकदाचं," अक्का आत वळत म्हणाली. "दोन वर्षं ऐकतेय, पन्नास प्रती, पन्नास प्रती. एवढे कागद काय तो कारखाना खातो? तिला म्हणावं, मी छप्पन्न वर्षं राखून ठेवलाय, मलाही काही ठरवता आलेलं नाही. आणि ती निळी बाटली मी टाकून दिली. नळाला वास येत होता."

तीन महिने भिंगराव रोज संध्याकाळी चहाला गेले. गुळण्या थांबल्यावर आठवड्याभरात चहा झोंबेनासा झाला. जीभ बघायची सवय एवढ्यानं सुटली नाही, पण टॉर्चचे सेल संपले तेव्हा त्यांनी नवीन आणले नाहीत. मधे दोनदा त्यांना मानेत गाठ लागली. दोन्ही वेळा ती दुसऱ्या बाजूलाही होती. ही तुलना करायला सुचलं, याचाच त्यांना आनंद झाला.

दुसऱ्या तपासणीतही काही निघालं नाही. अहवाल घेऊन ते दुकानात गेले तेव्हा बाईंनी ड्रॉवरमधून तोच जुना अर्ज काढला. शेवटचा रकाना अजून कोरा होता: 'निर्णय'. त्याखाली तीन चौकोन छापलेले असतात, पहिला दर्जा, दुसरा दर्जा, भंगार. बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला, अहवाल वाचला, मग भिंगरावांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि दुसऱ्या दर्जावर खूण केली. पुढे लिहिलं: 'किरकोळ दोषांसह स्वीकारले.'

"कुठले दोष?" भिंगरावांनी विचारलं. हात खिशाकडे गेलाच होता.

"मीटरवरून दिसतात ते," बाई म्हणाल्या. "तुमचं म्हणणं मांडायला रकाना उरलेला नाही, मागच्या बाजूला लिहा. आठ दिवस आहेत."

भिंगरावांनी अर्ज उलटा केला, पेन काढलं आणि स्टुलावर बसले. चहा आला, निवला. बाईंनी दोन गिऱ्हाइकं केली, मशीनला एकदा चापट मारली. पाठीमागचा कागद तसाच कोरा होता.

"काय झालं?"

"काही नाही," भिंगराव म्हणाले, आणि पेनला टोपण लावलं. "ती ओट्यामागची टाइल बसवली का कुणाकडून?"

"नाही," बाई म्हणाल्या. "आधी आलेल्या माणसाला फक्त बघता येतं."